आधी बाहेर जायची वाट, मग आवराआवर

पत्र

डोंबिवलीत दोन बेडरूमच्या घरात आम्ही पाच जण राहतो: मी, नवरा, सासूबाई, सातवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. ठाण्याला एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत मी अकाउंट्स सांभाळते. दर दिवाळीला घर आवरते आणि डिसेंबरपर्यंत पुन्हा जैसे थे. गेल्या वर्षी प्लास्टिकचे १२ डबे आणले, आता ते डबेच पसाऱ्यात आहेत. ‘द्यायचं’ म्हणून काढलेल्या चार पिशव्या आठ महिने दारामागे पडून आहेत. सासूबाई काही टाकू देत नाहीत. सकाळी किल्ली, पास नाहीतर मुलाची डायरी शोधताना लोकल चुकते. ऑफिसात पोचावं तर टेबलावर बिलांचा ढीग. मागच्या महिन्यात एक बिल वेळेवर सापडलं नाही म्हणून बोलणी खाल्ली. डोकं कायम तापलेलं असतं. सुरुवात कुठून करू?

एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दारामागच्या चार पिशव्यांतच आहे. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवण्याचं अवघड काम तुम्ही केलंत. पण त्या पिशव्या कोण नेणार आणि कधी नेणार हे ठरलेलं नव्हतं, म्हणून त्या उंबऱ्याशी येऊन थांबल्या. मग त्यांतल्या दोन वस्तू कुणीतरी परत बाहेर काढल्या असणार, आणि पुढच्या वेळी काही काढायचा तुमचा उत्साहच गेला असणार. ऑफिसच्या टेबलावरही हेच चाललं आहे. बिल येतं, पण ते पुढे कुठे जायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून ते तिथेच बसतं. तेव्हा सुरुवात कपाटापासून नको. वस्तू घराबाहेर जायच्या वाटा आधी पक्क्या करा.

एका कागदावर या वाटा लिहा आणि प्रत्येकीपुढे फोन नंबर आणि वार टाका. रद्दी आणि पुठ्ठा रद्दीवाल्याकडे. लोखंड, ॲल्युमिनियम, मोडका मिक्सर आणि बादल्या भंगारवाल्याकडे. पितळ-तांबं भांड्यांच्या दुकानात मोडीत. नेसता-घालता येतील असे कपडे धुऊन, बटणं लावून, घडी करून कुणाला द्यायचे त्या माणसाचं किंवा संस्थेचं नाव. तुमच्या भागात बोहारीण अजून येत असेल तर ती कोणत्या दिवशी येते ते विचारून ठेवा. जुने मोबाइल, चार्जर आणि पॉवर बँक ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. लिथियमची बॅटरी दाबली गेली की पेट घेऊ शकते, त्यामुळे या वस्तू रद्दीत किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात कधीच टाकू नका. फोन देण्याआधी फॅक्टरी रीसेट करा आणि सिमकार्ड व मेमरी कार्ड काढून घ्या. मुदत संपलेली औषधं, वापरलेले सेल, सुया आणि ट्यूबलाइट हा घरगुती घातक कचरा आहे. तो वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून द्यायचा, म्हणजे कचरा वेचणाऱ्याच्या हाताला इजा होणार नाही.

फोन आधी करा, पिशवी नंतर भरा. शनिवारी ११ वाजता माणूस येणार हे ठरलं की शुक्रवारी रात्री पाऊण तासात दोन पिशव्या भरतात. उलट क्रमाने केलं तर पिशवी आठ महिने थांबते. महिन्याचा एक शनिवार या कामासाठी कायमचा ठरवून टाका.

डबे आणि खण आत्ता आणू नका. घरात काय उरणार हे कळायच्या आत डबा आणला की तो भरण्यासाठी वस्तू सापडतातच. शेवटी आणाल तेव्हाही कपाटाची आतली जागा मोजून भागत नाही. दार उघडल्यावर मिळणारी मोकळी रुंदी मोजावी लागते. माळ्याच्या झडपेची चौकट जागेपेक्षा तीन-चार इंचांनी अरुंद असते आणि डबा नेमका तिथेच अडकतो. तुमचे १२ डबे सध्या रिकामे करून, एकात एक घालून बाजूला ठेवा. शेवटी त्यांतले सहा-सात लागतील असा आमचा अंदाज आहे.

दिवाळीची साफसफाई का टिकत नाही तेही सांगतो. दसरा ते दिवाळी जेमतेम तीन आठवडे मिळतात. त्यात फराळ, खरेदी आणि पाहुणे असतात. मग जे ठरत नाही ते सगळं माळ्यावर चढतं. घर आवरलेलं दिसतं, वस्तू मात्र तेवढ्याच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून चार वेळा २५ मिनिटं द्या आणि एका वेळी एकच खण घ्या. मोबाइलवर गजर लावा. शेवटची पाच मिनिटं काढलेलं जागेवर ठेवण्यासाठी राखून ठेवा, कारण अर्धवट उपसलेला खण पलंगावर पसरून झोपायची वेळ आली की दुसऱ्या दिवशी कुणाचाच हात चालत नाही. माळा सगळ्यात शेवटी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. आठवणींच्या वस्तू तिथेच असतात आणि तिथून सुरुवात करणारा माणूस जुने फोटो बघत बसतो.

पहिला आठवडा दाराचा. लोकल चुकण्यामागे तीन-चार वस्तूच आहेत, त्यांना दाराच्या आतल्या बाजूला जागा द्या. पाच माणसांसाठी पाच खुंट्या, त्यांतल्या दोन मुलांच्या उंचीवर. किल्ल्यांसाठी वेगळी पट्टी लावा, पण ती बाहेरून खिडकीतून हात पोचेल अशी नको. पास, ओळखपत्र आणि इअरफोन यांच्यासाठी एक उथळ वाटी. वाटी खोल असली की तळाशी नाणी आणि जुन्या पावत्या साचतात. शाळेच्या डायरीसाठी ए-फोर मापाचा एकच ट्रे ठेवा. मुलं घरी आली की डायरी आधी ट्रेमध्ये, मग दप्तर खाली. सही रात्री जेवणानंतर, सकाळी नाही. दप्तर, तुमची पर्स आणि डब्याची रिकामी पिशवी रात्रीच त्या खुंट्यांवर लागली पाहिजे. पहिले दहा-बारा दिवस आठवण करावी लागेल. त्यानंतर मुलंच तुम्हाला सांगतील.

दुसरा आठवडा कागदांचा. हे काम जरा सावकाश करा, इथली चूक महागात पडते.

घरात फायलींचे चारच प्रकार ठेवा. पहिली कायमची: जन्मदाखले, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका, जातीचा दाखला असल्यास तो, घराचा करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या कराराचा उतारा), मुद्रांक शुल्क आणि नोंदणीच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. घर दुसऱ्याकडून घेतलेलं असेल तर आधीच्या मालकांच्या करारांची साखळीही त्यात येते. यातलं काहीही लॅमिनेट करू नका. पुढे त्यावर शिक्का किंवा साक्षांकन हवं झालं तर लॅमिनेट केलेला कागद अडतो, आणि प्लास्टिक काढायला जावं तर शाई त्याच्याबरोबर निघते. गृहकर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेकडे असतील. तेव्हा बँकेने दिलेली कागदांची यादी या फायलीत सगळ्यात वर लावा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेला बंधनकारक आहे, आणि सगळे आले का हे त्या यादीवरूनच ताडून पाहता येतं.

दुसरी फाईल चालू आर्थिक वर्षाची, एप्रिल ते मार्च. पगारावर कापलेल्या कराचा दाखला, विम्याच्या पावत्या, शाळेची फी, ठेवींच्या व्याजाचे दाखले. वर्ष संपलं की सगळं एका पाकिटात घालून वर साल लिहा. पगारदार घराने अशी आठ वर्षांची पाकिटं ठेवली की पुरे. नववं आलं की सगळ्यात जुनं काढा. घरखरेदी आणि घरातल्या मोठ्या बांधकामाची बिलं मात्र या हिशेबात धरू नका. घर विकताना नफा काढण्यासाठी ती लागतात, म्हणून ती कायमच्या फाईलमध्येच राहतील.

तिसरी फाईल वॉरंटीची. फ्रिज, मिक्सर, मोबाइल यांची बिलं अनेकदा थर्मल कागदावर छापलेली असतात. या कागदावर छपाई उष्णतेने होते आणि उष्णतेनेच ती उडते. प्लास्टिकच्या पाकिटात तर तो आणखी लवकर कोरा होतो. बिल आणलं त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ बिल तिच्यामागे स्टेपल करा, फोटोही घ्या. वस्तू घरातून गेली की तिचं बिल आणि माहितीपुस्तिकाही गेली पाहिजे. तुमच्या घरात आज नसलेल्या मिक्सरची पुस्तिका नक्की सापडेल.

चौथी आरोग्याची, माणशी एक. रिपोर्ट तारखेने लावा, नवा वर. एक्स-रेच्या मोठ्या फिल्म गादीखाली सरकवू नका, मुडपतात. कपाटाच्या मागच्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवा.

विजेचं बिल हा साचणारा कागद आहे. पत्त्याचा पुरावा म्हणून अगदी ताजंच बिल चालतं आणि मागची ऑनलाइन दिसतात. शेवटची तीन ठेवा, बाकी रद्दीत. आधार आणि पॅनच्या जुन्या झेरॉक्स, बँकेची जुनी स्टेटमेंट हे मात्र अख्खं रद्दीत जाऊ नये. नाव, नंबर आणि सही असलेला भाग फाडून, भिजवून मगच टाका. डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याकडून थेट आलेली कागदपत्रं मूळ प्रतीइतकी ग्राह्य असतात. तुम्ही स्वतः स्कॅन करून तिथे चढवलेल्या कागदाला तो दर्जा नाही, हा फरक लक्षात ठेवून मगच मूळ प्रतीबद्दल निश्चिंत व्हा. शेवटी एका पानावर कोणती फाईल कुठे आहे, कोणत्या खात्याला नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे, ते लिहून नवऱ्याला आणि सासूबाईंना दाखवून ठेवा.

आता सासूबाईंकडे येऊ. ‘काही टाकू देत नाहीत’ असं तुम्ही लिहिलंत. त्यांच्या पिढीने भांडं पै-पै जमवून घेतलं, त्यावर नाव घातलं. ते कचऱ्यात जाणार असं वाटलं की त्या अडवणारच, आणि त्यांचं चूक नाही. पण वस्तू कुणाच्या तरी उपयोगी पडणार असेल तर हीच माणसं सगळ्यात आधी हात मोकळा करतात. म्हणून त्यांना ‘हे टाकू का?’ असं विचारू नका. ‘हे कुणाला द्यायचं?’ असं विचारा, आणि द्यायचं काम त्यांच्याच हातात द्या. कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीचं लग्न असेल तर कोणतं पातेलं द्यायचं ते त्या ठरवतील. पितळेची न वापरलेली घंगाळी मोडीत देऊन त्यांना हवा तसा तांब्याचा हंडा किंवा रोजच्या वापराची कढई घेता येईल का, ते त्यांच्याशी बोला. दुकानात त्यांनाच न्या. मोडीचं वजन समोर करून घ्या आणि घट (वजनातून वजा करायचा भाग) किती धरणार ते सौदा ठरायच्या आधी विचारा. त्यांचं कपाट आणि त्यांची ट्रंक यांना तुम्ही हात लावायचा नाही. हे त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, निम्मा विरोध तिथेच मावळेल.

स्वयंपाकघरात एकच मोजमाप वापरा: हात. खांद्यापासून कमरेपर्यंतच्या फळ्यांवर रोजचं. त्याच्या वर-खाली आठवड्याला लागणारं. स्टुलावर चढून काढावं लागतं ते वर्षातून दोन-तीनदा लागणारं: सोऱ्या, पुरणयंत्र, मोठी परात, अनारशांची चाळणी. तुमच्या ओट्यावर या क्षणी उभ्या असलेल्या वस्तू मोजा. गॅस, पाणी, मीठ-तेल आणि मिसळणाचा डबा सोडून जे काही आहे, ते आठवडाभर टोपलीत ठेवा. ज्याला हात गेला तेवढंच परत येईल. हॉटेलातून आलेले प्लास्टिकचे डबे झाकणासकट जुळवा. जोडी लागेल तेवढ्यांतले आठ ठेवा आणि गरम आमटी त्यांत ओतू नका. प्लास्टिकच्या पिशव्यांसाठी एकच बरणी. ती भरली की नवी पिशवी घरात थांबणार नाही.

किराणा ‘संपत आलंय’ असं वाटून दोनदा येतो, म्हणून डबे अपारदर्शक असतील तर त्यांवर नाव हवं, पण झाकणावर नको. झाकणं बदलतात. डब्याच्या पोटावर खडूने नाव आणि भरल्याची तारीख लिहा. नव्या डाळीवर जुनी ओतायची, जुनीवर नवी नाही. तळाशी राहिलेल्या जुन्या दाण्यांतूनच पोरकिडे वर चढतात. पावसाळ्याआधी रवा भाजून ठेवा. जून ते सप्टेंबर या काळात कडधान्य महिन्याला पुरेल एवढंच आणा. स्वस्त मिळालं म्हणून पाच किलो आणलेलं हरभऱ्याचं पीठ ऑगस्टमध्ये खवट झालं, तर त्यात बचत कुठे झाली?

औषधांचा डबा स्वयंपाकघरात गॅसच्या वर किंवा न्हाणीघरात नको, दोन्हीकडे ऊब आणि दमट हवा असते. अर्धी कापलेली पट्टी ठेवताना तारीख छापलेला तुकडा शेवटपर्यंत राखा. डोळ्यांचे थेंब बाटली उघडल्यावर साधारण चार आठवड्यांत टाकायचे असतात, आणि पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिक सिरप बहुधा आठवड्याभरात. उघडल्याची तारीख बाटलीवरच पेनाने लिहा.

कपड्यांचं थोडक्यात. घालण्याजोगे द्या. विरलेल्या सुती साड्या तीन-चार जमल्या की गोधडी शिवायला. उरलेल्यातून फडकी फक्त दहा. अकरावं फडकं तयार झालं की पहिलं गेलं पाहिजे. जरीच्या साड्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल अडकते आणि जर काळी पडते. धुवट मऊ सुती कापडात गुंडाळा, तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर साडी घडीवर विरते. डांबरगोळी थेट कापडाला लागू नये आणि मुलांच्या हाती तर मुळीच पडू नये.

मुलांच्या वह्या एप्रिलमध्ये परीक्षा संपली त्याच आठवड्यात काढा, जूनची वाट पाहू नका. कोरी पानं फाडून जाड पुठ्ठ्यात शिवली की वर्षभराची रफ वही होते. प्रत्येकाची एक निबंधाची वही आणि पाच चित्रं ठेवा. कोणती ते मुलांनीच निवडायचं.

माळ्यावर पुठ्ठ्याची खोकी नकोत. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, झुरळं त्याच्या कंगोऱ्यांत अंडी घालतात आणि तिथूनच कसर कागदांत शिरते. तुमचे प्लास्टिकचे डबे इथे कामी येतील. प्रत्येकावर १, २, ३ असा मोठा आकडा घाला आणि कोणत्या डब्यात काय, ती यादी कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा. गणपतीची आरास आणि लाइटच्या माळा एकाच डब्यात, झडपेजवळ. लाइटच्या माळा पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळा, नाहीतर पुढच्या वर्षी गुंता सोडवण्यात आदली रात्र जाते. जड वस्तू माळ्यावर चढवूच नका. काय करावं हे ठरत नाही अशा वस्तूंसाठी एकच डबा, वर तीन महिन्यांनंतरची तारीख. त्या तारखेपर्यंत तो उघडावा लागला नाही तर शनिवारच्या पिशवीत. कागदांना मात्र ही सवलत नाही.

ऑफिसातलं बिल हरवलं ते टेबलावर जास्त कागद होते म्हणून नव्हे. नोंद झालेली आणि नोंद व्हायची बिलं एकाच ढिगात होती, म्हणून हरवलं. तीन ट्रे एकावर एक लावा: ‘आलं’, ‘अडकलं’, ‘फायलीत’. बिल हाती आलं की वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने आल्याची तारीख. नोंद केली की व्हाउचर क्रमांक बिलावरच लिहून ते ‘फायलीत’ ट्रेमध्ये. रोज निघण्याआधी हा ट्रे रिकामा करून बिलं क्रमांकाने फाईलला लावायची. जीएसटी क्रमांक चुकलाय, मंजुरीची सही नाही, माल कमी आला, अशी बिलं ‘अडकलं’मध्ये. त्यावर चिठ्ठी हवी: कुणाला, कधी विचारलं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या सगळ्यांचा पाठपुरावा एकदम करा. गडबड या मधल्या ट्रेमध्ये होते. चिठ्ठीशिवाय ठेवलेलं बिल पंधरा दिवसांनी कुणालाच आठवत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेलं बिल तिथेच राहू देऊ नका. संगणकावर उतरवताना नाव २०२५-०७-१४, पुढे पुरवठादार, पुढे बिल क्रमांक असं द्या. वर्ष आधी लिहिलं की फायली आपोआप तारखेने लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतात.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ७ ला टीडीएस (कापलेला कर भरणं), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा भविष्य निधी आणि विमा), २० ला जीएसटीआर-३बी (महिन्याचं जीएसटी विवरण आणि कर) असं लाल पेनाने लिहा, आणि प्रत्येक तारखेच्या तीन दिवस आधी निळी खूण. तुमचं काम निळ्या खुणेला संपायला हवं. लाल तारीख सरकारी पोर्टल बंद पडलं तर हाताशी असावी म्हणून. कंपनी जीएसटीचं विवरण तीन महिन्यांनी भरायच्या पर्यायात असेल तर जीएसटीच्या तारखा त्याप्रमाणे बदला.

जुन्या वर्षांच्या फायलींनी तुमच्या खुर्चीमागची जागा व्यापली असेल. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. उदाहरणार्थ, २०२३-२४ चं विवरण ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरायचं होतं, म्हणजे ते कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. पण तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचरं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात, तेव्हा जी मुदत लांबची ती धरायची. एखादं अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्या वर्षाला हातही लावू नका. प्रत्येक खोक्यावर वर्ष, आत काय आणि ‘या तारखेनंतर नष्ट’ असं लिहा. नष्ट करण्याआधी सीएंची लेखी संमती घ्या.

निघायच्या आधी दहा मिनिटं राखा. टेबलाच्या मधोमध उद्या सकाळी पहिल्यांदा हाती घ्यायचा एकच कागद ठेवा, बाकी सगळं ट्रेमध्ये. लोकलमध्ये डोक्यात घोळणारी कामं घरी येईपर्यंत वहीत उतरवलीत तर रात्री स्वयंपाक करताना ती पुन्हा आठवत बसावी लागणार नाहीत.

आज मात्र यातलं एकच करा. रद्दीवाल्याला फोन करून येत्या शनिवारची वेळ घ्या. दारामागच्या पिशव्या उघडून पुन्हा बघू नका. कोणत्या पिशवीत रद्दी आणि कोणत्या पिशवीत कपडे एवढं वरून चाचपून पाहा, आणि कपड्यांच्या पिशव्या कुणाकडे जायच्या ते आज रात्री जेवताना सासूबाईंना विचारा.